जपानमधल्या शाळेची उंदोकाई: परदेशी शिक्षिकेने रिलेत धावावं का?

नवी_सेन्सेई:

नमस्कार मंडळी. जपानमध्ये प्राथमिक शाळेत इंग्लिश शिकवणारं कोणी इथे असेल तर थोडी मदत हवीये. मी एका कंपनीमार्फत एएलटी आहे, म्हणजे वर्ग जपानी शिक्षिकेचा आणि मी तिच्या सोबतीला. हे माझं दुसरं वर्ष. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या शाळेची उंदोकाई आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उंदोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिन, पण नुसत्या शर्यती नसतात, अख्खी शाळा लाल आणि पांढरा अशा दोन संघांत वाटलेली असते, नाच, रस्सीखेच, ढोल, घोषणा असं सगळं असतं आणि त्यासाठी तीन-चार आठवडे तालीम चालते, माझे इंग्लिशचे तासही त्यातच जातात.

काल उपमुख्याध्यापकांनी विचारलं की शेवटी पालक आणि शिक्षकांची रिले असते, त्यात धावाल का. मी विचार करून सांगते म्हटलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

गेल्या वर्षी मला पाहुण्यांच्या तंबूत बसवलं होतं, गावातले मोठे लोक आणि निवृत्त मुख्याध्यापक यांच्या शेजारी, हातात बार्लीचा गार चहा. मानानेच बसवलं होतं, त्यात काही वाईट नव्हतं. पण मध्येच पहिलीतला एक मुलगा तंबूपाशी आला, टोपी घामाने भिजलेली, गालावर माती, आणि मला म्हणाला, "सेन्सेई, आका? शिरो?" म्हणजे तुम्ही लाल की पांढऱ्या? मला उत्तरच देता आलं नाही. मी दोन्ही म्हटलं. तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला आणि पळून गेला. ते मला वर्षभर टोचतंय.

आता अडचण अशी की मी ३८ वर्षांची आहे, कॉलेज सुटल्यापासून धावलेले नाही, जपानी कामापुरतं येतं. आणि खरी भीती वेगळीच आहे. या गावात मी एकटीच परदेशी आहे, तीन-चारशे माणसं बघत असणार, मी धावले तर तो "परदेशी बाई धावली" असा वेगळाच कार्यक्रम होईल आणि मुलांचा दिवस बाजूला राहील. पण पुन्हा तंबूत बसायचं नाहीये हे मात्र नक्की. धावू का, की दुसरं काही काम मागून घेऊ? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.


सायकलवरून:

ताई, धावा. पण त्याआधी एक सांगतो, रिले हा त्या दिवसातला अगदी छोटासा भाग आहे, तुमच्या वाट्याला मैदानाचा अर्धा फेरा येणार म्हणजे पंधरा-वीस सेकंदांचं काम. तुम्ही त्या शाळेच्या आहात की पाहुण्या, हे आदल्या दिवशी आणि कार्यक्रम संपल्यावर ठरतं.

माझं सातवं वर्ष आहे, डोंगराकडची छोटी शाळा. पहिल्या वर्षी मी पण तुमच्यासारखाच तंबूत होतो. दुसऱ्या वर्षी आदल्या दिवशी दुपारी मी कोणाला न विचारता जुने बूट घालून मैदानावर गेलो आणि जो दिसेल त्याच्याबरोबर काम करत राहिलो. तंबूचे पाय उभे करायचे, फक्कीची गाडी ढकलत ट्रॅकच्या रेषा आखायच्या, दोऱ्यावर झेंडे बांधायचे, लाकडी दाताळ्याने माती सपाट करायची. यातलं एकही काम करायला भाषा लागत नाही. दुसरं कोणी काय करतंय ते बघायचं आणि त्याच्या समोरची बाजू धरायची.

आणि खुर्च्या! मुलं आपापल्या वर्गातल्या खुर्च्या स्वतः उचलून मैदानावर नेतात. पहिलीच्या मुलांना ती खुर्ची जड जाते, जिन्यावर दोन्ही हातांनी छातीशी धरून एक एक पायरी उतरतात. तिथे जिन्यात उभ्या राहा. परत आणताना प्रत्येक खुर्चीचे चारही पाय ओल्या फडक्याने पुसून मगच आत घेतात, कारण मैदानाची माती आत चालत नाही. मी तिसऱ्या वर्षी त्या फडक्यांच्या बादलीपाशी बसलो होतो आणि पोरं रांगेने येऊन माझ्याशी जेवढं बोलली तेवढं वर्गात कधीच बोलली नव्हती.

दुसरं म्हणजे त्या दिवशीची बरीचशी कामं पाचवी-सहावीची मुलंच करतात, माइकवर घोषणा, साहित्य आणणं-नेणं, शर्यतीचे नंबर लावणं. त्यांच्यात मध्ये मध्ये करू नका, पण त्यांच्या हाताखाली काम मागा. सहावीतल्या पोरीला "मी काय करू" असं विचारलंत ना, तर ती इतक्या गंभीरपणे तुम्हाला काम सांगेल की बघत राहाल.

आणि तामाइरेची टोपली धरायचं काम मिळालं तर अजिबात सोडू नका. उंच बांबूच्या टोकाला टोपली असते आणि खालून मुलं कापडी चेंडू फेकतात, बांबू धरायला मोठं माणूस लागतंच.

तुमचा तो आका-शिरोचा प्रश्न मात्र आजच सोडवा. उपमुख्याध्यापकांना सरळ विचारा, मी कुठल्या संघात. ज्यांना स्वतःचा वर्ग नाही अशा शिक्षकांना पण बऱ्याच शाळांत संघ देतात, कोणी विचारलं नाही तर राहून जातं.


मधली_सुट्टी:

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण मी जरा रुक्ष गोष्ट सांगणार आहे कारण माझ्यावर बेतलंय.

तीन वर्षांपूर्वी मी अशाच रिलेत धावले. सुरुवातीलाच पाय ओढला आणि मांडीच्या मागे कट्ट झालं, स्नायू फाटला होता. घाबरून मी हॉस्पिटलात माझं आरोग्य विम्याचं कार्ड दिलं. ते चुकलं. कामावर असताना दुखापत झाली तर ते कार्ड वापरायचं नसतं, त्याला वेगळा कामगार विमा असतो, रोसाई म्हणतात, आणि काउंटरवरच सांगायचं की हे रोसाई आहे. नंतर माझी कंपनी म्हणाली की शर्यतीत धावणं तुमच्या कामात येत नाही, तुम्ही हौसेने धावलात. शाळेने विचारलं म्हणून मी धावले होते, पण लेखी काहीच नव्हतं, सगळं तोंडी. दोन महिने लंगडत पत्रव्यवहार केला. शेवटी मला कळलं की कंपनीने सही द्यायला नकार दिला तरी कामगार स्वतः कामगार निरीक्षण कार्यालयात अर्ज देऊ शकतो, रोदो किजुन कान्तोकुशो नावाचं ऑफिस असतं. तिथल्या बाईंनी अगदी शांतपणे फॉर्म भरायला मदत केली. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

तर आधी तुमचा करार बघा. हाकेन असेल, म्हणजे कंपनीने तुम्हाला शाळेच्या हाताखाली काम करायला पाठवलंय, तर शाळा तुम्हाला काम सांगू शकते. ग्योमु इताकु असेल, म्हणजे शाळेने काम कंपनीला कंत्राटाने दिलंय, तर नियमाने शाळा तुम्हाला थेट काम सांगूच शकत नाही, सगळं कंपनीकडून यायला हवं, आणि मग उपमुख्याध्यापकांनी प्रेमाने विचारलेलं पण अडचणीचं होतं. कुठलाही असो, कंपनीला एक मेल टाका की शनिवारी उंदोकाई आहे, शाळेने रिलेत भाग घ्यायला सांगितलंय, हा कामाचा दिवस धरायचा का आणि बदली सुट्टी कधी. उत्तर लेखी घ्या. शाळेला बहुतेक सोमवारी सुट्टी असते, तुम्हाला पण आहे का ते विचारून घ्या, गृहीत धरू नका. जेटवर, म्हणजे परदेशी शिक्षक बोलावण्याच्या सरकारी योजनेतून आलेल्यांचं वेगळं असतं, त्यांची नेमणूक बहुतेक थेट शिक्षण मंडळाकडे असते आणि शनिवार-रविवारच्या कामाची बदली रजा ठरलेली असते.

एवढं सगळं होऊनही मी पुढच्या वर्षी परत धावले. तेही सांगायला हवं.


खडू_फळा:

ताई, "परदेशी शिक्षक मैदानात उतरला तर मुलांचा दिवस बाजूला राहील का" असं तुम्ही विचारलंत, म्हणून थोडा इतिहास सांगतो, तुम्हाला धीर येईल.

जपानमधली पहिली उंदोकाई म्हणून जी सांगतात ती १८७४ सालची, तोक्योत त्सुकिजीला नौदलाची शाळा होती तिथली. तिथे शिकवायला ब्रिटिश नौदलाचे लोक बोलावले होते, त्यांचा प्रमुख आर्चिबाल्ड डग्लस, आणि या लोकांच्या पुढाकाराने तो कार्यक्रम झाला. शर्यतींना जपानी नावं देताना काय सुंदर नावं दिली होती बघा, लहान मुलांच्या धावण्याच्या शर्यतीचं नाव होतं चिमणीची पिल्लं घरट्याबाहेर! मग १८७८ मध्ये सप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात झाली. आणि १८८३ मध्ये तोक्योत विद्यापीठाच्या पूर्वतयारी शाळेत ज्याने मैदानी स्पर्धा उभ्या केल्या तो फ्रेडरिक विल्यम स्ट्रेंज, तो तिथे कशासाठी आला होता माहितीये? इंग्लिश शिकवायला. पुढे शिक्षणमंत्री मोरी आरिनोरींनी शाळाशाळांत कवायतीवर भर दिला आणि उंदोकाई देशभर पसरली. गावाकडे तर तो सगळ्या गावाचा सणच झाला.

म्हणजे इंग्लिश शिकवायला आलेलं माणूस या मैदानावर उपरं नाही, अगदी पहिल्यापासून आहे. हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मी हे आमच्या मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते सकाळच्या सभेत मुलांना सांगितलं.

लाल-पांढऱ्याचं पण सांगून टाकतो. ११८० ते ११८५ मध्ये तायरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांचं मोठं युद्ध झालं, तायरांची निशाणं लाल आणि मिनामोतोंची पांढरी, तिथून हे दोन रंग आले असं मानतात. मुलांची टोपी दोन्ही बाजूंनी घालता येते, एकीकडून लाल, उलटी केली की पांढरी. म्हणून त्या पोराला "दोन्ही" हे उत्तर पटलं नसणार, टोपीला दोन्ही बाजू असतात पण घालताना एकच घालता येते ना.

आणि रेडिओ तायसो शिकून जा, हे फार महत्त्वाचं. उंदोकाईची सुरुवात बहुतेक त्यानेच होते, तीन मिनिटांचा व्यायाम, तेरा प्रकार. १९२८ मध्ये रेडिओवर सुरू झाला, आत्ताचा जो पहिला क्रमांक म्हणतात तो १९५१ पासूनचा, आणि रोज सकाळी साडेसहाला रेडिओवर लागतो. आजी-आजोबांपासून बालवाडीपर्यंत सगळ्यांना पाठ असतो. मैदानभर सगळे हात वर करत असताना तुम्ही एक ठोका मागे असाल तर लगेच दिसतं. रोज सकाळी घरी करा, आठ-दहा दिवसांत अंगात बसतो आणि धावण्याआधीचं अंग मोकळं होणं त्यातच होऊन जातं.


वाचनवेडी:

मी जपानमध्ये नाही, नुसती वाचतेय, फार छान धागा आहे. एक शंका, उंदोकाईच्या व्हिडिओत मुलांचे मोठमोठे मानवी मनोरे बघितले होते, ते अजून करतात का? बघूनच पोटात गोळा आला होता.


खडू_फळा:

खूप कमी झालंय. अपघात फार व्हायला लागले, त्यावर देशभर चर्चा झाली आणि २०१६ मध्ये सरकारने शाळांना स्पष्ट सांगितलं की सुरक्षितपणे करता येत नसेल तर करू नका. ओसाका शहराने तर त्याच वर्षी आपल्या शाळांतून मनोरे आणि पिरॅमिड बंदच केले. त्याजागी आता नाच जास्त असतात, सोरान बुशी म्हणजे होक्काइदोच्या कोळ्यांचं गाणं, त्यावर पाचवी-सहावीची मुलं जाळं ओढल्यासारखं वाकून नाचतात. ते बघताना अंगावर काटा येतो.


सायकलवरून:

धावण्याबद्दल राहिलं होतं. ताई, पालकांच्या आणि शिक्षकांच्या रिलेत दरवर्षी कोणीतरी पडतंच आणि जवळजवळ नेहमी वळणावर पडतं. प्राथमिक शाळेचं मैदान लहान असतं, त्यामुळे ट्रॅकचं वळण अगदी आवळलेलं, खाली सुकी माती. मन वीस वर्षांचं असतं, ते वरच्या अंगाला पुढे ढकलतं आणि पाय मागे राहतात. म्हणून वळणाआधी वेग थोडा कमी करायचा, पावलं छोटी टाकायची, अंग आतल्या बाजूला झुकवायचं. सरळ भाग आला की मग पळा. सुरुवातीची दहा-पंधरा पावलं जोर लावायचाच नाही, मधली_सुट्टी ताईंची मांडी तिथेच गेली. अजून तीन आठवडे आहेत, एक दिवसाआड पंधरा मिनिटं तरी धावा, गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नका.

बॅटन घेताना मागे वळून बघत उभ्या राहू नका. मुलांच्या तालमीत जाऊन बघा, सहावीची प्रतिनिधी रिले महिनाभर याच एका गोष्टीवर घासत असते. त्यांनाच शिकवायला सांगा. खरंच सांगा.

हो, आणि फोटो. मुलांचे फोटो काढून कुठेही टाकू नका, चेहरा पुसट करून पण नको, शाळा याबाबत फार कडक असतात आणि ते बरोबरच आहे.


नवी_सेन्सेई:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. करार बघितला, हाकेन आहे. मेल टाकला, दोन दिवसांनी उत्तर आलं, शनिवार कामाचा दिवस धरलाय आणि सोमवारी सुट्टी. उपमुख्याध्यापकांना विचारलं मी कुठल्या संघात, तर ते थबकलेच, म्हणाले अरे हो, मग यादी काढली आणि पेन्सिलने माझं नाव लिहिलं. आका. लाल! आता रोज सकाळी तायसो चालू आहे. झाल्यावर लिहीन.


नवी_सेन्सेई:

झाली उंदोकाई. काल रविवारी काही करवेना, आज लिहितेय.

शुक्रवारी दुपारी मैदानावर गेले. फक्कीची गाडी मला दिली नाही, ते सहावीच्या मुलांचं काम होतं आणि ती मुलं एका दोरीवर रेषा धरून इतकी सावकाश चालत होती की मला दिलं असतं तर वाकडं झालं असतं. मी जिन्यात उभी राहिले खुर्च्यांसाठी. शनिवारी सकाळी सातला गेले तर पालकांच्या निळ्या ताडपत्र्या घालून जागा धरून पण झाल्या होत्या. कार्यक्रम दुपारी बारापर्यंतच होता, करोनानंतर आमच्याकडे अर्ध्या दिवसाचाच करतात, डबा घरी जाऊन खायचा. उपमुख्याध्यापकांनी मला लाल पट्टी दिली कपाळाला बांधायला. मला मागे गाठ मारता येईना, तिसरीतल्या एका मुलीने मला खाली बसायला सांगितलं आणि बांधून दिली, इतकी घट्ट की दुपारपर्यंत हलली नाही.

तामाइरेला लाल टोपलीचा बांबू माझ्याकडे होता. मला वाटलं होतं नुसतं धरून उभं राहायचं. पण शिट्टी झाली आणि पहिली-दुसरीची चाळीस-पन्नास मुलं एकदम फेकायला लागली, वर गेलेले सगळे चेंडू खाली येतात ते बांबू धरणाऱ्याच्या डोक्यावर, खांद्यावर, आणि दोन्ही हात अडकलेले, तोंड झाकता येत नाही. लागत नाही काही, कापडी असतात. पण त्या गर्दीत खालून वर बघणारे ते सगळे चेहरे, तोंडं उघडी, टोप्या मागे सरकलेल्या, मी कधी विसरणार नाही. मग मोजणी. दोन्ही टोपल्यांतला एक एक चेंडू एकाच वेळी वर उडवायचा आणि सगळं मैदान ओरडतं, हितोऽऽत्सु, फुताऽऽत्सु, म्हणजे एक, दोन. माझे चेंडू एक्केचाळीसला संपले. पांढऱ्यांचे अजून तीन उडाले.

रिलेत मी चौथी धावले. वळणावर तुमचं ऐकलं आणि पावलं छोटी केली, शेजारचे एक बाबा बाहेरच्या बाजूने जोरात गेले आणि घसरले, गुडघा सोलला, उठून परत धावले. मी तिसरी होते आणि तिसरीच बॅटन दिली. कोणी "परदेशी बाई" असं बघितलं का ते मला माहीत नाही कारण मी बघितलंच नाही, मला फक्त समोरचा हात दिसत होता. आका गांबारे, आका गांबारे, म्हणजे लाल, जोर लावा, एवढं ऐकू येत होतं.

एकूण गुणांत आम्ही हरलो. सहावीच्या लाल संघाचा मुख्य, जो सकाळपासून ढोलाच्या तालावर हात फिरवत ओरडत होता, त्याचा आवाज पूर्ण बसला होता, तो सरळ उभा राहून रडत होता आणि पांढऱ्यांचा मुख्य त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

मग खुर्च्या. मी बादलीपाशी बसले. तो गेल्या वर्षीचा मुलगा, आता दुसरीत गेलाय, तोही लालच आहे. खुर्ची माझ्यासमोर आडवी ठेवली, माझी पट्टी बघितली आणि काही न विचारता खाली बसला. दोन पाय त्याने पुसले, दोन मी. पुसता पुसता खाली बघतच म्हणाला, "माकेता ने." हरलो ना आपण. मी म्हटलं, "माकेता ने." त्याने फडकं उलटं करून कोरडी बाजू मला दिली आणि खुर्ची छातीशी धरून जिना चढायला लागला.